अक्षरांचा परवाना

वसंत पंचमी: घरातला जुना संगणक सुरू होताना प्रथमच अडखळला. जबाबदार: त्याची देखभाल परस्पर बंद करणारी कंपनी. होळी: नव्या बाह्य डिस्कवरचे वाचायला मुलीच्या मॅकने होकार दिला आणि तिच्यावर लिहायला नकार दिला. जबाबदार: एकमेकींचे तोंड न पाहणाऱ्या दोन कंपन्या. गुढीपाडवा: घरातल्या सर्व संगणकांचा बॅकअप पूर्ण झाल्याचे मुलाने जाहीर केले. जबाबदार: मुलगा, आणि पुरावा न मागता पेढे वाटणारे आम्ही.

मुलुंडच्या आमच्या घरात माझ्याकडे विंडोज, मुलीकडे मॅक आणि मुलाकडे लिनक्स आहे. एकाच डिस्कच्या बाबतीत एका यंत्राला केवळ अवलोकनाचा हक्क असावा, नोंद करण्याचा नसावा, याचे मला संतापाइतकेच कुतूहल वाटले. मी मुलाला समोर बसवून विचारले.

"बाबा, डिस्कवर नोंदी ठेवायची प्रत्येकाची पद्धत वेगळी. तिघांनाही चालेल अशी एक आहे, पण त्यासाठी डिस्क पुसून नव्याने फॉरमॅट करावी लागेल."

"पुसण्यापूर्वी ती रिकामी आहे, असे लेखी दे."

"लेखी?" मुलगी आतून ओरडली. "अरे, हे घर आहे की दिंडोशी कोर्ट?"

लेखी मिळाले नाही. योजना मात्र ठरली. एक प्रत डिस्कवर, एक इंटरनेटवर, आणि एक भांडुपला माझ्या बहिणीकडे, म्हणजे एका घरावर संकट आले तरी सर्व प्रती एकदम जाऊ नयेत. छायाचित्रे होती, महापालिकेशी चाललेला माझा पत्रव्यवहार होता. पण हा सारा खटाटोप ज्यासाठी होता, तो माझ्या पत्नीचा मालवणी शब्दसंग्रह. तिच्या आईच्या तोंडचे शब्द तिने वर्षानुवर्षे माझ्या त्या जुन्या संगणकावर टंकित केले होते: मांगर म्हणजे शेतातल्या खोपटाचे, व्हाळ म्हणजे ओढ्याचे, पावसाळ्यानंतरच्या वायंगणी भाताचे. आई आता नाही. ते शब्द पुन्हा विचारायला जावे असे घर गावात उरलेले नाही.

माझी नोकरी न्यायालयाच्या नक्कल विभागात झाली. तिथे नक्कल तयार झाली म्हणजे काम संपत नसे. एकाने मूळ मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून ताडायचे. याला रुजुवात म्हणतात. पाडव्याचे पेढे संपल्यावर ती घरीही घ्यावी, असा मी आग्रह धरला. जुन्या संगणकापाशी मी मूळ घेऊन बसलो. पत्नी मुलाच्या लॅपटॉपवर नक्कल घेऊन.

"वाच," मी म्हणालो.

"काय वाचू? माझां कपाळ?"

पडद्यावर इंग्रजी अक्षरे, उलटी प्रश्नचिन्हे आणि टोप्या घातलेले स्वर होते. मॅकवरही तेच. मुलगा शपथेवर सांगत होता की फाइल तंतोतंत तीच आहे. ती होतीही. काडीचाही फरक नसलेली आणि एकही शब्द वाचता न येणारी नक्कल मी आयुष्यात प्रथमच पाहिली आणि क्षणभर राग विसरून तिच्याकडे पाहत राहिलो.

कारण शेवटी कळले. तो मजकूर जुन्या मराठी फॉन्टमध्ये होता. संगणकाच्या लेखी तिथे मराठी नव्हतेच. इंग्रजी खुणांवर तो फॉन्ट मराठी आकार चढवत होता. फॉन्ट नाही, तर मराठी नाही.

"मग फॉन्ट कॉपी करू ना, दोन मिनिटांचं काम," मुलगा म्हणाला.

मी परवान्याचा कागद काढला. एकाच संगणकावर वापर. प्रत करण्यास मनाई.

"अहो, पोलीस येणार आहेत का आपल्याकडे?" पत्नी म्हणाली.

"प्रश्न पोलिसांचा नाही. मी सही केली आहे."

"तुमची सही, आणि शब्द माझ्या आईचे?"

मजकूर तिचा, अक्षरांचे आकार कंपनीचे. मग वाचण्याचा हक्क कोणाचा? मी कंपनीला परवानगी मागणारी पत्रे लिहिली. पोच आली नाही. आठवण करून दिली. तीही गिळली गेली.

पत्नी थांबली नाही. जुने यंत्र चालू आहे तोवर ती रोज दुपारी त्याच्यासमोर बसून शब्द मोठ्याने वाचते, मुलगी ते कोणत्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या आजच्या युनिकोडमध्ये टंकित करते. मध्येच यंत्र बंद पडते. मग त्या दोघी ते पुन्हा सुरू होण्याची वाट पाहतात. संग्रह अजून अर्धाही झालेला नाही.

म्हणून ज्यांनी हा फॉन्ट विकला, किंवा आज ज्यांच्याकडे त्याचे हक्क आहेत, त्यांना माझे जाहीर आवाहन आहे. खासगी पत्रांना आपण उत्तर देत नाही. तेव्हा वर्तमानपत्रात, आपल्या नावानिशी, सर्वांसमक्ष सांगा: एका बाईने स्वतः लिहिलेले तिच्या आईचे शब्द तिला दुसऱ्या यंत्रावर वाचण्यास आपली परवानगी आहे की नाही? आणि नसेल, तर कोणत्या अधिकाराने?