सीटबेल्ट लावून बसवलेला सूर

माझी आवडती इंग्रजी गाणी गाणारी ती गायिका इंग्लंडची आहे हे कळलं, तेव्हा कॉलेजच्या होस्टेलवर मी उडीच मारली होती. तो भरलेला, पोटातून येणारा आवाज ऐकून मला ती अमेरिकेतल्या एखाद्या चर्चमध्ये गात वाढलेली वाटायची. म्हणजे तिनं तिथली गाणी ऐकून ऐकून गळा कमावला होता! कमावता येतो तर! आमच्या अख्ख्या घराण्यात मी पहिली बी.कॉम. डिग्री कमावली, मग गळा का नाही कमावणार?

म्हणून यंदा दुबई मरीनातल्या आमच्या ऑफिसच्या फॅमिली डेला कोण गाणार असं विचारल्यावर मी हात वर केला. लोकांसमोर त्याआधी कधीच गायले नव्हते. सराव कुठे करणार? अजमानच्या फ्लॅटच्या भिंती पातळ. राहिली कार लिफ्ट, म्हणजे महिन्याच्या भाड्यावर ऑफिसला नेणारी गाडी. आम्ही चौघीजणी एकाच गाडीतून रोज दुबईला जातो, चालवणारे चाचा म्हसळ्याचे.

"बाय, तुझी अमेरिकावाली लावू काय?"

"चाचा, इंग्लंडची आहे ती!"

"असू दे. मोठ्यानं गा, ट्रॅफिक तरी हलेल."

मागे बसणारी पुण्याची ताई आधी "माझे इयरफोन कुठे गेले गं?" म्हणून टोमणे मारायची. नंतर तीच कोरस धरायला लागली.

फॅमिली डेला माईक घेऊन उभी राहिले. म्युझिक सुरू झालं. पहिली ओळ पोकळ निघाली, दुसरीला श्वासच पुरेना. पुढच्या रांगेतून लेक ओरडली, "मम्मा, लाउडर!"

आणि एकदम लक्षात आलं. हे गाणं मी उभं राहून एकदाही गायलंच नव्हतं! कायम पाठ टेकलेली, छातीवर पट्टा.

"खलास, बंद करा," मी म्हटलं. "आधी मला खुर्ची द्या."

लोक हसले. हसू देत. मी खुर्चीत पाठ टेकून बसले, खांद्यावरचा नसलेला पट्टा मुठीत धरला.

"यल्ला, चला, लावा परत!"

आणि आला की हो आवाज! वरचा सूर असा लागला की लेक खुर्चीवर चढून नाचायला लागली.

स्टेजवरून खाली उतरल्यावर आमच्या इंग्रज मॅनेजरनं विचारलं, "अमेरिकेत कुठे शिकलीस?"

"अमेरिकेत कुठली? तुमच्याच देशातल्या बाईकडे शिकले," मी म्हटलं. "अजमान ते मरीना, रोज."

दुसऱ्या दिवशी चाचांना सगळं सांगितलं.

"मग बरोबरच केलंस," ते म्हणाले. "गाडीत उभं राहून कोण गातं?"