बाबांच्या बायपासनंतरची आई

आई गेली. बाबा आहेत.

घरात सगळ्यांनी उलटंच धरून ठेवलं होतं. आईनेसुद्धा.

नव्वदच्या दशकात इथे बडोद्यातच बाबांची बायपास झाली. ऑपरेशन नीट झालं, पण हृदय भार घेईना. मग जांघेतल्या नसेतून आत एक लांबट फुगा सरकवला. बाहेरचं मशीन तो फुगवायचं, सोडायचं. तेवढाच हृदयाला आधार.

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आता नसा सैल करणारं औषध सुरू करतोय."

आई शाळेत भूगोल शिकवायची. न समजलेलं तसंच पुढे जाऊ देणं तिला जमायचं नाही.

"त्यांचं बीपी आधीच कमी आहे ना? याने अजून खाली नाही जाणार?"

काका हळूच म्हणाला, "वहिनी, डॉक्टरांना असं विचारतात का?"

"विचारू द्या," डॉक्टर म्हणाले. "जाऊ शकतं. म्हणून थेंबथेंब देणार, सतत बघत राहणार. नसा आवळल्यात, रक्त ढकलताना हृदय दमतंय. वाट मोकळी झाली तर जोर कमी लागेल. मशीन सोबतीला आहे म्हणूनच हे करतोय."

आईने दाराच्या काचेतून एकदा बाबांकडे पाहिलं.

मग म्हणाली, "द्या."

बाबा म्हणजे एका जागी न बसणारा माणूस. शहराबाहेर छाणीला लेथचं वर्कशॉप; घरी आले तरी पंखा नाहीतर मिक्सर खोलून बसणार.

आणि फुगा आत असेपर्यंत त्या बाजूचा पाय वाकवायचा नाही!

अर्धवट शुद्धीत ते सारखे गुडघा वर घ्यायला बघायचे. सिस्टर बांधायची पट्टी घेऊन आली, म्हणाली, "बेन, पग बांधवो पडशे."

"ना बेन, बांधशो नहीं. हुं पकडी राखीश."

आणि खरंच, स्टुलावर बसून आईने त्यांचा गुडघा दाबून धरला. सिस्टरने नियम बाजूला ठेवून तिला बसू दिलं.

ड्रिपच्या बाटलीला काळा कागद गुंडाळलेला होता. उजेडाने औषध खराब होतं, म्हणे. आई त्या बाटलीकडे बघत बसायची. भीती वाटत होती, हे तिने मला फार वर्षांनी सांगितलं. "'द्या' तर मीच म्हटलं होतं ना गं."

मग एका दुपारी ती बाहेर आली. चेहराच वेगळा.

"पाय गरम लागतोय. इतके दिवस बर्फ होता."

आणि तिथेच, सगळ्यांसमोर, रडली.

हळूहळू मशीन निघालं, औषध निघालं. बाबा घरी आले. पुन्हा छाणीला जायला लागले. आई मात्र तेव्हापासून झोपेतसुद्धा त्यांच्या श्वासाकडे कान देऊन असायची.

आज पहाटे तिचाच श्वास थांबला. काही बोलली नाही, कुणाला उठवलं नाही.

बाबा सकाळपासून एकच म्हणतायत, "मला हाक तरी मारायची."

आई, काळजी करू नकोस. त्यांनी गोळ्या घेतल्या. दुपारी दोन घास जेवले.

तू आता शांत झोप.