शेवटचा चढ

येवला मागे पडलं तेव्हा सुधाने एकदाचं तोंड उघडलं.

"हे बघा, दोन दिवसांत निदान एकदा तरी मी गोल्फचे अठराच्या अठरा होल पायी पूर्ण करणार. नाही जमलं, तर घरी गेल्यावर किट कुणाला तरी देऊन टाकायचं. विषय बंद."

मी गाडी चालवत होतो. "बरं," म्हणालो. दुसरं काय म्हणणार? सुधा माझी बायको. शाळेत खेळ शिकवण्यात तिची हयात गेली आणि पन्नाशीत तिने गोल्फची काठी हातात घेतली. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून "आई, आता पुरे," असं आमचा मुलगा दर रविवारी फोनवर ऐकवतो. या वेळी नाशिकहून छत्रपती संभाजीनगरच्या ज्येष्ठांच्या गोल्फ स्पर्धेला निघालो, ते त्याला न सांगताच.

वैजापूरच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला होता. त्यांच्या मागून रखडत शहरात पोचेपर्यंत दुपार टळली. हॉटेलच्या दारातल्या रखवालदाराने किटची लांबलचक पिशवी उतरवून घेतली आणि कौतुकाने विचारलं, "साहेब, तुम्ही खेळता का?" मी सुधाकडे बोट दाखवलं. त्याने तिला नीट निरखलं आणि पिशवी जरा जपून उचलली. संध्याकाळी जुन्या शहरात जाऊन नान-खलिया (तंदुरी नानसोबत मसालेदार रश्शातलं मटण) खाल्लं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी जड खायचं नसतं म्हणे. सुधाने अर्धा नान खाल्ला, उरलेल्याची सोय मी लावली.

मैदान हर्सूलच्या पलीकडे, टेकडीच्या अंगावर आहे. सकाळी प्रथमदर्शनी मी अवाक झालो. पिवळ्या पडलेल्या माळात मधूनमधून कुणी हिरवा गालिचा अंथरावा, तशा त्या हिरवळी. जवळ गेल्यावर मात्र मैदानाचा खरा स्वभाव कळला. हिरवळींच्या भोवती टणक मुरूम, सपाट जागा औषधाला नाही आणि दहा वाजले की टेकडीवरून वारा सुटतो. इथे साठीच्या पुढच्या माणसांना खेळवायचं कुणाच्या डोक्यात आलं असेल, त्याला एकदा भेटायची इच्छा आहे.

सुधाच्या जोडीला अलकाबाई होत्या. गंगापूरकडच्या, घरची मोठी शेती, पायात पांढरे बूट आणि आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधाला पोचेल असा. सुधाचा कॅडी (खेळाडूची पिशवी वाहणारा आणि सल्ला देणारा सोबती) होता कोंडिबा. पन्नाशीचा गडी. घरी मेंढरं आहेत, पण आता ती भाऊ राखतो, असं त्याने चालता चालता सांगितलं.

पहिल्याच हिरवळीवर सुधा थांबली आणि इकडेतिकडे काहीतरी शोधू लागली.

"काय हरवलं, ताई?" अलकाबाईंनी विचारलं.

"झाडू," सुधा बोलून गेली आणि जीभ चावली.

त्याचं असं आहे, की ती ज्या मैदानावर शिकली तिथे हिरवळच नाही. भोकाभोवती तेल शिंपडून बसवलेली वाळू असते. चेंडू ढकलण्याआधी झाडूने आपली वाट साफ करायची, अशी तिथली रीत. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप झाडू मागतो. अलकाबाई पोट धरून हसल्या. "इथं झाडू नाय ताई, इथं निस्ता देवाचा धावा करायचा!"

हसण्यावारी गेलं खरं, पण सुधाला ते लागलं असावं. त्यानंतर ती आपल्या गावंढळ पद्धतीने खेळेचना. बाकीच्या बायकांसारखे उंच, देखणे फटके मारू लागली. मीही चेकाळलो आणि एकदा अलकाबाईंनी काठी उचललेली असताना "शाब्बास!" म्हणून ओरडलो. त्यांचा चेंडू बाभळीत गेला.

"भाऊ, शाब्बासकी चेंडू मारल्यावर द्या की. आधी कशापायी देता?"

त्यानंतर मी तोंडात बडीशेप धरून हिंडलो.

अठरावा होल म्हणजे या मैदानाचा कावा. हिरवळ टेकाडाच्या माथ्यावर. चेंडू कमी पडला तर उतारावरून परत तुमच्या पायाशी येतो, जास्त गेला तर मागच्या अंगाने खाली घरंगळतो. चुकेल त्याने उतरायचं आणि पुन्हा चढायचं. सुधाचा उंच फटका हिरवळीवर टप्पा घेऊन पलीकडे गेला. ती चढली, उतरली. तिकडून मारलेला अलीकडे आला. पुन्हा तेच. तिसऱ्या चढाला तिचा गुडघा लचकला. संयोजकांची छोटी गाडी आली आणि सुधा तिच्यात बसली. मी आयुष्यात तिला इतकं लहान झालेलं पाहिलं नव्हतं. मला रडू आलं, ते मी वाऱ्यावर ढकललं.

त्या संध्याकाळी गुडघ्याला शेक देताना मी म्हणालो, "उद्या गाडी घे ना. नियमात बसतं."

"नियमात बसतं, मनात बसत नाही," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

दुसऱ्या दिवशी ती सावकाश खेळली. चौदाव्याला मेंढरांचा कळप मैदान ओलांडत होता. त्यांची वाट जुनी, मैदान नवं, म्हणून खेळ थांबतो. सगळ्या खेळाडू बायका काठ्या टेकून गुमान उभ्या राहिल्या. सुधाला तेवढाच विसावा मिळाला. कोंडिबाने भावाला हाक मारून सांगितलं, "जरा दमानं हाक रं, मॅडमचा पाय दुखतोय!"

अठराव्याच्या पायथ्याशी आलो तेव्हा ती लंगडत होती. गाडी बाजूला उभीच होती. एकदा चढली असती, दोनदा नाही. हे तिला ठाऊक होतं, मलाही.

कोंडिबाने उंच फटक्याची काठी पुढे केली. सुधाने मान हलवली आणि दुसरी मागितली.

"मॅडम, ही नाय चालायची. चेंडू भुईवरूनच जाईल."

"भुईवरूनच न्यायचाय," ती म्हणाली. "मी वाळूत शिकलेय, कोंडिबा. आमच्याकडे चेंडू उडवत नाहीत, चालवतात."

फटका दिसायला अगदीच साधा. चेंडू मुरमावर टेकला आणि गवत घासत चढ चढू लागला. मध्यावर मंदावला. माझ्या तोंडातली बडीशेप तोंडातच राहिली. मग तो माथ्यावर पोचला आणि दिसेनासा झाला.

वर उभ्या असलेल्या अलकाबाईंचा आवाज साऱ्या टेकडीने ऐकला. "थांबला! ताई, थांबला! लई भारी!"

सुधाने काठीचा आधार घेतला आणि चढायला सुरुवात केली. कोंडिबा हात द्यायला पुढे झाला, पण तिने नको म्हटलं. मी मागे मागे चाललो, कारण पुढे गेलो असतो तर तिला माझा चेहरा दिसला असता. माथ्यावर पोचून तिने दोन फटक्यांत चेंडू भोकात घातला आणि टोपी काढली. मी टाळ्या वाजवल्या, अगदी योग्य वेळी. अलकाबाईंनी तिला मिठी मारली. कोंडिबा मला म्हणाला, "साहेब, मी नाय म्हणलो होतो. बरं झालं, मॅडमनी माझं ऐकलं नाय."

बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं. आम्ही टाळ्या वाजवल्या, मावा जिलेबी बांधून घेतली आणि परतीला लागलो. वैजापूरपर्यंत सुधा झोपली होती. उठल्यावर तिने स्वतःहून मुलाला फोन लावला आणि पहिलंच वाक्य टाकलं, "मला पुढच्या वर्षासाठी चांगले बूट हवेत."

मी जन्मभर बँकेत इतरांच्या सह्या तपासल्या. माझ्या घरात असं काही घडू शकतं, ज्याचा ऊर भरून अभिमान वाटावा, हे मला या वयात कळलं. ते कळायला एक टेकडी चढावी लागली, इतकंच.

सोसायटीच्या फाटकात शेजारचे कुलकर्णी भेटले. लंगडणाऱ्या सुधाकडे आणि तिच्या किटकडे आळीपाळीने पाहत त्यांनी विचारलं, "काय हो, वहिनी कितव्या आल्या?"

"पायी आल्या," मी म्हणालो.