भिंतीतलं खिंडार

मंगळवारी दुपारी आमच्या शेजारच्या बाई वारल्या. माणूस गुन्ह्याकडे का वळतो आणि त्यात भोवतालचा वाटा किती, हे त्या कॉलेजात शिकवायच्या. समोरच्याचा आवाज चढला की त्या चष्मा काढून पदराने पुसत. चष्मा पुन्हा चढला की उत्तर तयार असे.

जोगेश्वरीच्या आमच्या सोसायटीत चोऱ्या झाल्या, तेव्हा सगळ्यांनी पलीकडच्या चाळीवर संशय घेतला. मधल्या भिंतीला एक खिंडार होतं. संध्याकाळी चाळीतल्या बायका तिथे भाजी निवडत बसत. ते बुजवायचं ठरलं. गवंडी आला, तर बाई खिंडारात खुर्ची टाकून पेपर तपासत बसलेल्या.

"बाई, उठा ना. इथूनच चोर येतात," सेक्रेटरी ओरडले.

बाईंनी चष्मा पुसला. "या बायका बसलेल्या असताना एक तरी चोरी झाली? चोराला सुनसान जागा लागते. तुम्ही तीच बांधून देताय."

"पुस्तकातलं कॉलेजात ठेवा!"

"मग उचला मला खुर्चीसकट."

पलीकडून हाक आली, "बाई, च्या आणू काय?"

"आण गं. गवंड्यालाही आण."

गवंडी चहा पिऊन परत गेला. पुढे जेव्हा जेव्हा सिमेंट आलं, तेव्हा त्याआधी बाईंची खुर्ची आली.

उद्या गवंडी पुन्हा येणार आहे. खुर्ची आता माझ्याकडे आहे.