सुमतीचं पुढे काय झालं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. भावाला नाही, शाळेतल्या कुणाला नाही. देवापुढे बसते तेव्हासुद्धा विषय बदलते — हसू नका, देवापुढेही विषय बदलता येतो, मला छान जमतं. आता तुम्हाला का सांगते आहे? ठाऊक नाही. बसा मात्र. उठून जावंसं वाटलं तर जा.

गोष्ट एका कादंबरीची आहे. मला ती कंटाळवाणी वाटली, शेवटपर्यंत वाचवेना. बस्स, एवढंच. एवढ्याने कुणाचं काही वाईट होतं का?

युद्धाचे दिवस होते. मी मुरबाडला मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. अकाली कुंकू पुसलं गेलं, मग ट्रेनिंग कॉलेज, मग ही नोकरी. गावात शिकलेली बाई मी एकटी, आणि ते मला विसरता येत नसे, कुणाला विसरूही देत नसे. आमचं एक वाचन मंडळ होतं. मुलांच्या शाळेचे हेडमास्तर, दवाखान्यातले डॉक्टर, कचेरीतले एक कारकून, आणि ज्यांच्या ओटीवर आम्ही दर रविवारी दुपारी जमायचो ते भातगिरणीवाले नाना. आणि मी. बाई असून मंडळात! त्या गोष्टीचा मला केवढा तोरा होता, आज सांगतानाही जीभ चावावीशी वाटते.

पुस्तक एकच असायचं. कल्याणच्या वाचनालयातून ते मोटारीने यायचं — पेट्रोल मिळेना म्हणून त्या मोटारी तेव्हा कोळशाच्या गॅसवर धावायच्या, धावायच्या कसल्या, धापा टाकायच्या. आम्ही पाळीपाळीने मोठ्याने वाचायचो. मुदतीत पुस्तक संपलं नाही तर मंडळाचा एक रिवाज होता. ज्याने पुस्तक निवडलं त्याने उरलेला भाग घरी नेऊन वाचायचा, पुस्तक परत धाडायचं, आणि पुढच्या रविवारी राहिलेली गोष्ट तोंडी सांगायची. विश्वासाचा मामला. कुणी कुणाची परीक्षा घेत नसे.

त्या खेपेला हेडमास्तरांना ऐतिहासिक कादंबरी हवी होती. मी भांडले. एका मासिकात मी या दुसऱ्या कादंबरीची तारीफ वाचली होती — सुमती नावाची मुलगी, नवऱ्याचा मार सोसते आणि एक दिवस भावाच्या घरी निघून येते. हे आजचं आहे, हे जिवंत आहे, असं मी तावातावाने म्हटलं. मंडळाने माझं ऐकलं.

पहिली पानं खरंच चांगली होती. मग लेखकाचं काय बिनसलं कोण जाणे. सुमतीने पाण्याचा तांब्या उचलला की त्याला नदी आठवायची, नदीवरून संस्कृती, संस्कृतीवरून स्त्रीधर्म, आणि सुमती बिचारी तांब्या हातात धरून उभीच. डॉक्टर डुलक्या काढू लागले. हेडमास्तर जांभई देऊन म्हणायचे, "निवड आपली, बाई!" मी मान वर न करता पुढचं पान वाचायची. चूक कबूल करणं माझ्या रक्तातच नव्हतं.

पण आत माजघरात कुणीतरी ऐकत होतं.

नानांची धाकटी बहीण गोदी. शेणवे गावात दिलेली, दिवाळीच्या सुमाराला माहेरी आली ती परत गेलीच नव्हती. शाळा निघायच्या आधीच तिचं लग्न होऊन गेलेलं, त्यामुळे अक्षरओळख नाही. दाराआड बसून ती वाल सोलायची आणि ऐकायची. उन्हाळ्यातही डावा हात पदराखाली. एकदा मला चहा देताना पदर सरला आणि मी पाहिलं — कोपरापासून खाली भाजल्याचा डाग, गुलाबी, सुरकुतलेला. तिने पदर ओढून घेतला. मी चहा प्यायले. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. तिची आई तर तिच्याकडे बघायचंही टाळायची.

तर, मुदत संपली. नवरा पश्चात्ताप पावून सुमतीच्या भावाच्या दाराशी आला आहे, हात जोडून उभा आहे, आणि सुमती दाराच्या आत — इथे आमचं वाचन थांबलं. पुस्तक मी घरी नेलं.

रॉकेल मिळत नव्हतं हे खरं. रात्री वाचता येत नव्हतं हेही खरं. पण दिवस होते ना? मी पुस्तक हातात घेतलं, पुन्हा नदी सुरू झाली, आणि मी ते मिटलं. दुसऱ्या दिवशी उघडलं, मिटलं. तो आठवडा असाच गेला.

आणि आता जे सांगते ते ऐका. त्या काळी काही पुस्तकांची पानं कडेला जोडलेलीच येत, वाचणाऱ्याने सुरीने कापत पुढे जायचं. या पुस्तकाची शेवटची पानं तशीच होती. माझ्या आधी कुणीच तिथवर पोचलं नव्हतं. न कापलेली पानं पाहून वाचनालयात कळलं असतं की बाईंनीही वाचलं नाही. म्हणून मोटार सुटायच्या आधी मी विळीपाशी बसले, भाजीची सुरी घेतली आणि ती सगळी पानं नीट, सरळ कापली. वाचली नाहीत. एका ओळीवर नजर पडू दिली नाही. कापली, आणि पुस्तक मोटारवाल्याच्या हातात दिलं. तेवढ्या वेळात ती वाचून झाली असती, नाही का?

रविवारी ओटीवर एक परका माणूस बसलेला. म्हातारा, काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरलेली. गोदीचा सासरा, बैलगाडी घेऊन तिला न्यायला आलेला. त्याच्या पुढ्यातल्या चहावर साय धरली होती, त्याने कप उचलला नव्हता. कुणी फार बोलत नव्हतं. नाना मला म्हणाले, "सांगा बाई तुमची गोष्ट, पावनेपन आयकतील."

मी काय सांगणार होते? खरं सांगते, येताना मी काही ठरवलंच नव्हतं. समोर ती काठी, तो म्हातारा, हेडमास्तर कान टवकारून बसलेले. सगळ्यांना बरं वाटेल असं जे तोंडात आलं ते मी बोलत गेले. सुमतीने दार उघडलं. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ती सासरी गेली, आणि त्याने पुन्हा कधी तिच्यावर हात उचलला नाही. मी रंगवून सांगितलं हो! मला येतं ते. हेडमास्तर म्हणाले, "वा, योग्य शेवट." म्हाताऱ्याने तेव्हा पहिल्यांदा कप उचलला. "बाईनी बरोबर सांगितला," म्हणाला.

आत वाल सोलण्याचा आवाज बंद झाला होता.

मी निघाले तर मागच्या दाराशी गोदी उभी. तिने माझा हात धरला. असं तिने कधी केलं नव्हतं.

"मास्तरीणबाय, तो खराच सुधारला का वो? का नुसता म्हनत होता?"

"सुधारला गो," मी म्हटलं.

"मंजी पुस्तकात तसा लिवलाय? तुमी सोता वाचला?"

इथे थांबता आलं असतं. ओटीवर पुरुष होते, इथे कुणी नव्हतं. ती का विचारते आहे हे मला समजत नव्हतं? भाजलेला हात मी पाहिला होता. दारात गाडी सोडून ठेवली होती, बैल वैरण खात होते. नानांनी तिला माझ्यादेखत सांगितलं होतं, "तुज्या मनात असंल तर जा, नसंल तर हय रहा. मी धाडनार नाय." म्हणजे निर्णय तिचा होता, आणि त्यासाठी ती मला एक गोष्ट विचारत होती, मला, शिकलेल्या बाईला. मी नाही वाचलं गो, एवढंच म्हणायचं होतं.

"वाचलं," मी म्हटलं. "तसंच लिहिलंय."

सकाळी शाळेत जाताना गाडी किन्हवलीच्या रस्त्याला लागलेली दिसली. गोदी मागे तोंड करून बसली होती. मला पाहून तिने हात हलवला, डावा हात. पदर नव्हता त्याच्यावर. शाळेची घंटा झाली आणि मी वर्गात गेले.

पावसाळा गेला. भातकापणीच्या दिवसांत शेणव्याहून माणूस आला. गोदी विहिरीत पडली. पाय घसरला, असं तो म्हणाला, आणि हेच दोनदा-तीनदा म्हणाला, न विचारता. नाना तिथे पोचले तोवर दहनही उरकलं होतं.

मी त्याच आठवड्यात कल्याणला गेले. पुस्तक मागितलं. मीच कापलेली पानं मी तिथल्या बाकावर बसून वाचली. सुमती दार उघडत नाही. फटीतून ती त्याचे जोडलेले हात बघते, ते हात तिला ओळखीचे वाटतात, आणि ती कडीला हात लावत नाही. तो निघून जातो. त्या पानात नदी नव्हती, धर्म नव्हता, काही नव्हतं. त्या अख्ख्या पुस्तकात तेवढंच एक पान चांगलं होतं.

खरा शेवट ऐकून गोदी राहिली असती का? कोण सांगणार. त्या विचारात मी पुष्कळ वर्षं काढली, पण तो आडोसा आहे, मला माहीत आहे. आणि ज्यासाठी मी हे सारं सांगत बसले आहे ते अजून पुढेच आहे.

कल्याणहून आले आणि नानांकडे भेटायला गेले. गोदीच्या आईने मला माजघरात बोलावलं. भिंतीला टेकून बसली होती, रडत नव्हती. म्हणाली, "बाय, गोदी जाताना मना बोलली. 'आये, त्या सुमतीचा झाला ना, तसा माजापन होल.' तुमी मना ती गोष्ट सांगा ना परत. त्या पोरीचा तरी बरा झाला ना?"

नाना दारात उभे होते. माझ्याकडे बघत होते.

दया आली म्हणून म्हणू? तुम्ही मानालही. पण दया नव्हती. खरं सांगितलं तर नाना पुढचा प्रश्न विचारतील — मग त्या दिवशी तसं का सांगितलंत, बाई? — त्या प्रश्नाला मी भ्याले. माझी नोकरी, माझं नाव, ओटीवरची माझी जागा. या खेपेला तर मला शेवट माहीत होता. वाचून आले होते.

मी सांगितलं. सुमतीने दार उघडलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मागच्या वेळी नव्हतं तेही घातलं, तिला मुलगा झाला, नवऱ्याने अंगणात झोपाळा बांधला. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती. मधेच म्हणाली, "सावकास सांगा, बाय."

मी सावकाश सांगितलं.