शेवटचा हात

परब कुठल्याही बंद पडलेल्या यंत्रासमोर आले की आधी स्वतःचे हात पाठीमागे बांधायचे आणि विचारायचे, "शेवटचो हात कोणी लावल्यान?" मग तो प्रिंटर असो, नाहीतर पाण्याचा पंप. मरोळच्या आमच्या कारखान्यात प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे बनायचे. मी ऑफिस सांभाळायची, परब संगणक. मूळचे कुडाळचे, राहायला मुलुंडला. मनातलं बोलायचं झालं की मालवणी, एरवी आमच्यासारखंच मराठी.

नवीन मुलं त्या प्रश्नाला घाबरायची. पण परबांना गुन्हेगार नको असायचा. "काल चालत होतं ना? मग मधे काय झालं तेवढंच शोधायचं." दोन बदल एकदम केलेले त्यांना खपत नसत. कॅन्टीनच्या बाईंनी आमटीत मीठ आणि तिखट एकाच वेळी वाढवलं तरी म्हणायचे, "आता सुधारली ती कशानं, कसं कळणार?"

साच्यांची सगळी ड्रॉइंगं एका सर्व्हरवर होती. त्यात दोन डिस्क, एकीवरचं दुसरीवर जसंच्या तसं. एका वर्षी दसऱ्याच्या आधीच एक डिस्क बिघडली आणि नवी मागवली. सुट्टीनंतर कामावर आलो, तर सर्व्हरला उरलेली डिस्कही दिसेना. बॅकअप जुना, मधल्या कामाची ड्रॉइंगं त्यात नव्हती. सर्व्हरवाल्या कंपनीचा माणूस नवी डिस्क घेऊन आला होता आणि दोन्ही जुन्या बिघडलेल्या समजून परत मागत होता. त्या एकदा गेल्या की ड्रॉइंगंही गेली.

"डेड आहे ना? द्या परत, विषय संपला," शेठ म्हणाले. "आणि सुट्टीआधी शेवटी कोण बसलं होतं? दीपाली ना?"

दीपाली आमची ड्रॉइंग करणारी मुलगी. "मी फक्त सेव्ह केलं ओ, शेठ," ती म्हणाली.

परब म्हणाले, "मेली असं कोणी बघितलं? दिसत नाही, एवढंच आपल्याला माहीत आहे. तुम्ही बाथरूममध्ये गेलात की तुम्हीपण दिसत नाही."

त्यांनी सर्व्हर बंद केला, उरलेली जुनी डिस्क काढून कापडावर ठेवली आणि त्याच खणात नवी कोरी सरकवली. चालू केलं. तीही दिसेना.

"आता हीपण मेली काय?" परबांनी शेठना विचारलं.



पुन्हा बंद करून परबांनी खणात टॉर्च मारली. बराच वेळ आत बघत राहिले. मग माझ्याकडे भुवयांचा चिमटा मागितला. चिमट्यातून बाहेर आला तांदळाचा एक दाणा, कुंकवाने लाल झालेला. जोडणीच्या खाचेत अडकून त्याने डिस्क केसभर बाहेर ठेवली होती.

खंडेनवमीची पूजा कोण करतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. दरवर्षी परबच सर्व्हर बंद करून पुसायचे आणि खण उघडून, डिस्क बाहेर सरकवून आतही हळद-कुंकू, अक्षता वाहायचे. परबांनी हात पाठीमागे बांधले.

"शेवटचो हात माझो. खण मीच उघडलंय." मग शेठकडे वळून, "दीपालीला काही बोलू नका."

जुनी डिस्क परत बसवली. ड्रॉइंगं दिसली.

"झकास, काका!" दीपाली ओरडली.

"झकास काय? आधी नवीवर उतरवून घे."

पुढच्या खंडेनवमीला त्यांनी एकच फूल वाहिलं, तेही सर्व्हरच्या कपाटाबाहेर.

ते निवृत्त झाले त्याच आठवड्यात तो सर्व्हरही काढायचा होता. सगळं नव्यावर उतरवून झाल्यावर त्यांनी मला बोलावलं. "बाय, बटण तू दाब."

"मी का? मला यातलं काय कळतं?"

"कळूक कित्याक व्हया? उद्या कोणी विचारल्यान, तर मी गावाक. सांगूक कोणतरी हयसर व्हया."

सांगायला इथे कोणीतरी हवं, म्हणून मी बटण दाबलं. परब गावी वारले, त्याला आता वर्ष होईल. त्या सर्व्हरबद्दल अजून कोणी विचारलेलं नाही. विचारलं, तर शेवटचा हात माझा आहे.