कामरगावची रोजची वाट

मुंगी मेली. पितळेच्या वाटीत माझं दूध होतं, त्यात ती काळी मुंगी पाय वर करून तरंगत होती, आणि कामरगावची ती म्हातारी माझ्याकडे पाहत होती, जणू मी घरात विष घेऊन आले आहे. तिच्या मांडीवर वीस दिवसांची नात. सून बाळंतपणात गेलेली. शेळीचं दूध पोरीला पचत नव्हतं. ती रडतही नव्हती, नुसती तोंड उघडत-मिटत होती.

"पाह्य," म्हातारी म्हणाली, "मुंगी मेली म्हंजे दूध वाईट. मेल्या लेकराच्या मायचं दूध मी हिले कशी पाजू?"

माझा मुलगा आठ दिवसांपूर्वी तापानं गेला होता. दीड महिन्याचा होता. तो गेला हे दुधाला कोणी सांगितलं नव्हतं. चोळी भिजायची, छाती दगडासारखी व्हायची. आमच्या गावच्या सुईणीनं या पोरीबद्दल सांगितलं, तेव्हा मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "जाय. भिंतीले डोकं आपटण्यापेक्षा बरं." तीन कोस अनवाणी चालून आले, तर इथे ही बाई मुंग्या बुडवत बसली होती.

"मावशी," मी म्हटलं, "एक मुंगी तुमच्या म्हशीच्या दुधात टाका."

"कायले?"

"टाका तर."

तिनं टाकली. तीही मेली.

ओसरीवर तिचा नवरा सुपारी कातरत होता. मान वर न करता म्हणाला, "आता म्हशीलेही हाकलतं काय? दे ते लेकरू तिले."

दिलं. पोरगी अशी चिकटली की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते मायेचं नव्हतं, दुखत होतं म्हणून.

म्हातारीनं एक अट घातली. घरात मुक्काम करायचा नाही, माझी सावली रात्री पोरीवर नको. मी म्हटलं बरं. म्हणून रोज पहाटे निघायचं, दिवसभर तीन-चार वेळा पाजायचं, दिवस कलला की परत. रात्री पोरीला शेळीचं दूध, पाणी घालून. जाऊन-येऊन सहा कोस.

पहिले काही दिवस मी रडत गेले. मध्ये एक मोठा चढ आहे. तिथे रडायचं की चढायचं, एकच काहीतरी जमायचं. मी चढायचे. वर पोचेपर्यंत रडणं राहून गेलेलं असायचं. चढावर मारुतीचा ओटा होता. तिथे बसून पायातले काटे काढायचे आणि त्याला म्हणायचे, तुला ना बायको, ना लेकरू, तुला काय सांगायचं. तरी सांगायचे. मारुती ऐकून घ्यायचा, निदान उपदेश तरी करत नव्हता. गावातल्या बाया करत होत्या.

घरी सासू म्हणायची, "दुसऱ्याच्या पोरीसाठी ढोरासारखी चालून राह्यली."

मी म्हटलं, "ढोराचं वासरू मेलं तर पान्हा सुटाव म्हणून तुमी त्याच्यापुढं भुसा भरलेलं कातडं ठेवता. मले तर जितं लेकरू भेटलं."

सासू दोन दिवस बोलली नाही. ते दोन दिवस फार चांगले गेले.

हळूहळू भूक लागू लागली. वाटेत बोरं खायचे, कुणाच्या तुरीच्या शेंगा तोडायचे, शेतकरी ओरडला की जास्त तोडायचे. रात्री पडल्या पडल्या झोप लागायची. नवऱ्यानं टायरच्या चपला आणून दिल्या. त्यानं आयुष्यात मला आणून दिलेली ती पहिली वस्तू, आणि माप मोठं.

पोरगी मधे एकदा जुलाबानं इतकी वाळली की म्हातारीनं पांढरं फडकं काढून ठेवलं. मी ते उचललं आणि पोरीचं ढुंगण पुसलं. म्हातारी मला मारायला उठली. मी पाजतच राहिले, चार दिवस. त्या चार दिवसांत तिनं मला ओसरीवर झोपू दिलं. सावलीचं कुणी काही बोललं नाही.

उन्हाळ्यात पोरीला दात आले. असं कडकडून चावली की मी तिला एक चापट मारली. म्हातारीनं तेव्हापासून ज्वारीची पेज सुरू केली आणि मला म्हणाली, "आता नको येऊ, बाई. पाय झिजले तुहे."

तरी मी दोन दिवस गेले. मग थांबले.

पुढे मला मूल झालं नाही. ती पोरगी जगली. म्हातारा-म्हातारी गेले, माझा नवरा गेला. ती आहे, आणि मी आहे.